पाद्रीबाबांच्या कोंबड्या

आन्सेल्ममामा ज्या गावाचा मेयर आहे, त्या गावात कुणी राहत नाही. घर नाही, गोठा नाही, चूल नाही, भांडायला शेजारी नाही. आमच्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही. पहिल्या महायुद्धात तोफांनी जी गावं पार भुईसपाट केली, त्यातली काही पुन्हा बांधायची नाहीत असं ठरलं; पण त्यांची नावं पुसायची नाहीत असंही ठरलं. म्हणून ब्रेमोंवालला मेयर आहे, मेयरला छातीवर घालायला फ्रेंच झेंड्याचा निळा-पांढरा-लाल पट्टा आहे, रस्त्याच्या कडेला गावाच्या नावाची पाटी आहे आणि पाटीच्या पलीकडे, एक छोटं देऊळ सोडलं तर, नुसतं जंगल आहे. खालच्या गावातले लोक मामाला चिडवतात, "आन्सेल्म, तुझं बरं आहे बाबा. गटार तुंबलं म्हणून कुणी तुझ्या दारात येत नाही."

"माझे लोक समजूतदार आहेत," मामा म्हणतो.

मी ओदिल, त्याची भाची. खालच्या गावात कालव्याच्या काठाला माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे आणि वर सायकलवाल्यांना उतरायला काही खोल्या. हॉलंडमधून, बेल्जियममधून, जर्मनीतून लोक येतात, दिवसभर किल्ले आणि कबरस्तानं पालथी घालतात, संध्याकाळी चिखलानं माखून माझ्याकडे येतात आणि सूप पिता पिता विचारतात, "इथे एकूण माणसं तरी किती मेली हो?" पन्नाशी उलटली, मी याच प्रश्नाचं उत्तर देत आले आहे. सरळच सांगते, मला वीट आला होता. माझी मैत्रीण गिस्लेन लग्न करून देशाच्या पार पश्चिमेला, ब्रिटनीच्या समुद्रकिनाऱ्यावर गेली, तिथे तिचंही सायकलींचं दुकान आहे. ती कधीची मागे लागली होती, ये म्हणून. तिथे लोक अर्ध्या चड्डीत फिरतात आणि आइस्क्रीम कुठे चांगलं मिळतं ते विचारतात. मी जायचं नक्की केलं होतं.

मामाला याची कल्पना नव्हती. त्याचे डोळे गेल्या दोन वर्षांत मंदावत गेले. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं ते नेमकं धुक्यात जातं. माझं नाव ज्या संत ओदिलवरून ठेवलं, ती म्हणे डोळ्यांची संत. मामाला तिचा काडीचा उपयोग झाला नाही. मग आता ब्रेमोंवालचा पट्टा कुणाकडे द्यायचा, असं जिल्ह्याच्या साहेबांनी विचारलं. युद्ध थांबल्याचा दिवस आम्ही नोव्हेंबरात पाळतो, त्याच्या आत नाव हवं होतं. नाव मिळालं नाही तर ब्रेमोंवाल खालच्या गावाला जोडून टाकतील, पाटीही काढतील, असं मामाच्या कानावर आलं होतं. त्यानं साहेबांना सांगून टाकलं, "नाव घरातच आहे." माझं. मला न विचारता. मला हे कुठे कळलं, तर पावाच्या दुकानात, रांगेत, चारचौघांत!

एवढी चिडले की दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. "ओदिल, वर जाऊन येऊ. सगळं गाव फिरू, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. पानगळ संपली की मजा नाही." मी बरं म्हटलं. वर गेल्यावर त्याला तोंडावर सांगायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरवूनच मी सायकल काढली.

आमची सायकल दोघांनी मिळून चालवायची आहे, लांबलचक, हिरव्या रंगाची. पूर्वी मामा पुढे बसायचा आणि मामी मागे. मामी गेली, मग मामाचे डोळे गेले, तसा मामा मागे सरकला आणि पुढची सीट माझ्याकडे आली. सरकताना त्यानं एकच गोष्ट बरोबर नेली. घंटी. पितळेची, जुनी, तिचा आवाज दूरवर जातो. ती त्यानं स्वतःच्या मागच्या हँडलला बसवून घेतली. "गाडी तू चालव," म्हणाला, "पण घंटी मेयर वाजवणार."

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की कालवा दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. मिराबेलच्या बागा मागे पडल्या. झाडांवर फळं कधीच संपली होती, खाली गवतात कुजक्या आलुबुखाऱ्यांचा गोड वास होता. आम्ही चढ चढत होतो आणि पुढचा रस्ता एका वेळी थोडा थोडाच मिळत होता.

"हळू," मामा मागून म्हणाला. "खांबाशी काय उभं आहे?"

कडेचं त्याला दिसतं ते असं. मी पाहिलं. विजेच्या खांबाला टेकवून एक गंजलेला, न फुटलेला तोफगोळा उभा होता, मातीनं लडबडलेला.

"ज्यूलनं बटाटा काढलाय," मी म्हणाले. नांगराला लागतात त्यांना आम्ही बटाटेच म्हणतो. शेतकरी ते रस्त्यावर आणून ठेवतो आणि ते उचलणारी सरकारी माणसं आपल्या सवडीनं येतात.

"केवढा?"

"चांगला भोपळ्याएवढा."

"मग लांबून घे. आणि त्या ज्यूलला सांग, खांबाला टेकवत जाऊ नकोस म्हणावं. बापानं हेच केलं, आजानं हेच केलं, एकाला अक्कल असेल तर शपथ."

मी लांबून घेतलं. आमच्याकडे याला फेरफटका म्हणतात.

पाटी आली. पाटीपाशी मामा दर वेळी टोपीला हात लावतो, तसा त्यानं लावला. पाटी ओलांडली की डांबरी रस्ता संपतो आणि बीच नावाच्या उंच झाडांतून वाट आत जाते. आत धुकं वेगळं होतं, पिवळं, पानांचा रंग चढलेलं. झाडांखालची जमीन कुठेच सरळ नाही. उतू जाता जाता गोठलेल्या दुधासारखी ती वर-खाली झालेली आहे आणि तिच्यावर शेवाळाची गादी आहे. शंभर वर्षांत झाडं मोठी झाली, खड्डे मऊ झाले, खड्ड्यांत पाणी साचून बेडूक आले. आत शिरलं की बोलताना आवाज आपोआप खाली येतो. माझाही येतो, आणि मी काही हळू बोलणारी बाई नव्हे.

इथे वाटेच्या दोन्ही बाजूंना लाकडी खुंट आहेत आणि त्यांवर नावं. लोहार. शाळा. पोतिए. लाम्ब्लें. हे खुंट माझ्या आजोबांनी लावले, म्हणजे मामाच्या आणि माझ्या आईच्या वडलांनी. सैनिकांनी गाव रिकामं करवलं तेव्हा आजोबा पोरवयाचे होते. बर्फात गाडीवर बसून गेले आणि त्यांच्या आईनं जाताना दाराला कुलूप लावलं. ते कुलूप, ते दार, ती भिंत, काही राहिलं नाही. पुढे मोठेपणी ते परत आले तेव्हा दगडावर दगड नव्हता. ते रानात नुसते भटकत राहिले, आणि वसंतात एका जागी त्यांना जांभळी लायलॅक फुललेली दिसली. रानात लायलॅक आपण होऊन येत नाही. "हे लाम्ब्लेंचं अंगण," आजोबा म्हणाले आणि तिथेच बसून रडले. मग गूसबेरीचं झुडूप सापडलं ती मास्तरांची बाग, कबरींवर लावतात ती जमिनीवर पसरणारी निळी सदाफुली सापडली ते कबरस्तान. फुलं विचारत विचारत त्यांनी सगळं गाव पुन्हा आखलं, मामाला शिकवलं, आणि मामानं मला.

शिकवलं म्हणजे काय, तर एक नियम. ब्रेमोंवालमध्ये चालायचं ते रस्त्यानं, आणि घरात शिरायचं ते दारानं. लहानपणी मी झाडांतून सरळ पळत सुटले की मामा ओरडायचा, "ए भवाने! पोतिएंच्या स्वयंपाकघरातून बूट घालून कुठे चाललीस?" आई हसून हसून वाकायची. मी चिडून म्हणायचे, "कुठे आहे स्वयंपाकघर? झाडं आहेत नुसती!" आणि मुद्दाम तिथूनच पुन्हा पळायचे.

"नमस्कार, लोहारबुवा," मामा मागून म्हणाला. मी सायकल अगदी सावकाश चालवत होते. "काय धूर काढलाय सकाळी सकाळी." तो धुक्याकडे बोट दाखवत होता. "शाळा भरली नाही वाटतं अजून. आज गुरुवारची सुट्टी का?"

"शनिवार."

"मग पोरांना उशीर झालाय."

पुढे वळण आहे. तिथे पाद्रीबाबांचं घर. पाद्रीबाबांच्या कोंबड्या सदा रस्त्यावर असायच्या आणि एकदा पोस्टमनच्या सायकलखाली त्यातली एक आली. पाद्रीबाबांनी पुढच्या रविवारी देवळात सगळं प्रवचन त्या कोंबडीवर दिलं, पोस्टमन पहिल्या बाकावर मान खाली घालून बसलेला. तेव्हापासून त्या वळणावर गावातली प्रत्येक सायकल घंटी वाजवायची. मामानं वाजवली. टिणंग! आवाज झाडांमधून गेला, कुठेतरी आपटला आणि हळूच परत आला.

आणि त्याच्या पाठोपाठ मामाचा हात माझ्या खांद्यावर पडला.

"थांबव."

"काय झालं?"

"कॉफी."

"थर्मासमध्ये आहे. देवळापाशी गेल्यावर देते."

"आपली नव्हे. कुणीतरी आता चुलीवर ठेवलीय."

मी थांबवली. मलाही वास आला. गरम, नुकत्या उकळलेल्या कॉफीचा वास, त्या ओल्या पानांत आणि शेवाळात. मग एक बाई हसली. फार लांब नाही, झाडांच्या पलीकडे. मग कापड झटकल्याचा आवाज.

मी मागे वळून मामाकडे पाहिलं. त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती. सुरकुत्या तशाच होत्या, पण चेहरा एखाद्या पोराचा झाला होता.

"पोतिएंच्या घरी जाग आहे," तो कुजबुजला.

मी घाबरले. आता डोळ्यांमागोमाग याचं डोकंही गेलं, असं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला होता. त्या धुक्यात, त्या वासात, कुणी पोतिएबाई एप्रनला हात पुसत रस्त्यावर आली असती, तर मी तिला नमस्कार करून मोकळी झाले असते.

"तू इथेच थांब, सायकल धर," मी म्हणाले आणि पुढे गेले.

पोतिएंच्या खुंटाशी दोन प्रवासी सायकली टेकवलेल्या होत्या, पिशव्यांनी लगडलेल्या. पलीकडे केशरी तंबू. दोन झाडांच्या मधे दोरी, दोरीवर टॉवेल आणि मोजे. एक उंच तरुणी छोट्या स्टोव्हपुढे उकिडवी बसली होती आणि तिच्याशेजारी एक दाढीवाला सायकलची साखळी पुसत होता.

माझी सगळी भीती एका क्षणात रागात गेली.

"तुमची अक्कल कुठे चरायला गेलीय का?" मी म्हणाले. "इथे तंबू ठोकतात? पाट्या वाचल्या नाहीत? तंबूच्या या खुंट्यांच्या खाली काय असेल, माहितीये?"

तरुणी ताडकन उभी राहिली. डच होती, फ्रेंच मोडकंतोडकं. "आम्ही संध्याकाळी वाट चुकलो. धुकं होतं. अंधार पडला. बाकी सगळीकडे खड्डे, एवढीच जागा सपाट."

"सपाट असणारच," मी म्हणाले.

"पोतिएंची बसायची खोली आहे ती," माझ्या मागून आवाज आला. "खाली फरशी होती. लाल."

मामा मुळीच थांबला नव्हता. काठीनं चाचपत तो रस्त्यानं आला, खुंटापाशी वळला, जिथे दार होतं तिथे उभा राहिला आणि शेवाळावर बूट पुसले. आधी उजवा, मग डावा. मग आत आला. ती डच मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण घरी पाहुणा आल्यावर बाई जशी पुढे होते तशी ती पुढे झाली आणि म्हणाली, "या. बसा ना."

एक ओंडका होता, त्यावर मामा बसला. टोपी शेजारी ठेवली.

"मी आन्सेल्म. इथला मेयर."

दाढीवाला चाचरला. "आम्ही आत्ताच्या आत्ता निघतो, साहेब."

"निघता कशाला? कॉफी उतू जाईल."

मुलीनं घाईनं कॉफी उतरवली आणि पत्र्याच्या कपात मामाला दिली. तिचं नाव फेम्के, त्याचं यॉस्ट. लग्नाआधी एकमेकांना नीट बघून घ्यावं म्हणून दोघं सायकलवर निघाले होते. "आणि काय दिसलं?" मामानं विचारलं. "घोरतो," फेम्के म्हणाली. यॉस्ट लाल झाला. मी तोवर गुडघ्यांवर बसून तंबूच्या खुंट्या एकेक करून उपटत होते, सरळ वर, हळू, श्वास धरून. त्या नुसत्या शेवाळात आणि मातीत रुतल्या होत्या. शेवटची हातात आली तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

"झोप लागली का नीट?" मामानं विचारलं.

"हो!" फेम्के म्हणाली. "सगळ्या प्रवासातली सगळ्यात छान झोप. इतकं शांत. मी एकदासुद्धा जागी झाले नाही."

मामा कप दोन्ही हातांत धरून बसला. मग मान माझ्या दिशेला वळवून म्हणाला, "ओदिल, ऐकलंस? ब्रेमोंवालमध्ये कुणीतरी झोपलं. गाढ."

त्याच्या त्या निकामी डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. इथे शेवटचे झोपले ते सैनिक, गुडघाभर चिखलात, बूट न काढता, आणि त्यातले कितीतरी उठलेच नाहीत. हे मी हजारदा लोकांना सांगितलेलं होतं. पण इथे कुणी झोपू शकतं, मोजे वाळत घालून, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मला भरून आलं, आणि भरून आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"गावात किती लोक राहतात?" यॉस्टनं विचारलं. बिचाऱ्याला काहीतरी बोलायचं होतं.

"काल रात्री दोन होते," मामा म्हणाला.

ते सामान बांधून निघाले तेव्हा मामानं त्यांना वाट सांगितली, पाद्रीबाबांच्या वळणावर घंटी वाजवायला सांगितलं, आणि का ते सांगितलं नाही. थोड्या वेळानं धुक्यातून दोन घंट्या ऐकू आल्या, एक बारीक आणि एक घोगरी. मामा समाधानानं मान हलवत होता.

आम्ही देवळापाशी गेलो. ब्रेमोंवालमध्ये तेवढी एकच इमारत आहे, युद्धानंतर बांधलेलं छोटंसं देऊळ, आणि त्याच्यासमोर बाक. मी पाव काढला, त्यावर मिराबेलचा मुरंबा लावला. धुकं विरळ होत होतं. वरून पानं येत होती, एकेक, कुणाला घाई नसल्यासारखी.

"मला वाटलं, तुझं डोकं फिरलं," मी म्हणाले. "पोतिएंच्या घरी जाग आहे म्हणे!"

"होती की. पण पोतिए नव्हते, ते मला तेव्हाच कळलं. त्यांच्याकडे असली कॉफी कुठली? चिकोरी प्यायचे."

मी हसले नाही. हसले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

"मामा, मला बोलायचंय."

"पावाच्या दुकानात कळलं ना तुला?"

"तू मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"आताही नाहीच म्हणतेय. मी गिस्लेनकडे चाललेय. समुद्रावर."

"खेकडे खायला?"

"हो, खेकडे खायला. जिवंत माणसांत राहायला. कुणी मला मेलेल्यांचा हिशेब विचारणार नाही अशा ठिकाणी." माझा आवाज चढला होता. देवळासमोर चढलेला आवाज वाईट वाटतो, म्हणून मी तो खाली आणला. "आणि माझा उपयोग तरी काय, मामा? तुला इथे घरं दिसतात. आजोबांना दिसायची. मला झाडं दिसतात. लहानपणापासून झाडंच दिसतात. पट्टा घालून मी लोकांपुढे उभी राहू आणि लोहाराला नमस्कार करायचं नाटक करू? ते तुलाच आवडणार नाही."

मामानं पाव खाली ठेवला. मला वाटलं, आता भांडेल. भांडला असता तर सोपं गेलं असतं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "ज्याला दिसत नाही, त्यानं होऊ नये. सोमवारी त्यांना कळवतो, नाव नाही म्हणून." मग म्हणाला, "पाटी काढायला येतील तेव्हा मला सांगू नकोस फक्त."

तरी मी शब्द मागे घेतला नाही. मुरंब्याचं झाकण लावून टाकलं. एक पान त्याच्या डोक्यावर पडलं आणि तिथेच राहिलं.

"टोपी," तो डोक्याला हात लावून म्हणाला. "त्या ओंडक्यावर राहिली वाटतं. आणतेस का?"

मी उठले. बोलायला नको आणि बसायला नको, म्हणून बरंच झालं. ओंडका काही लांब नव्हता, बाकावरून दिसत होता, त्यावरची टोपीसुद्धा दिसत होती. डोळ्यांत पाणी होतं, ते वाटेत बाहीनं पुसलं. मनातल्या मनात मामाशी भांडत गेले, गिस्लेनशी बोलत गेले. टोपी उचलली, झटकली, परत आले आणि त्याच्या हातात दिली.

त्यानं टोपी घातली नाही. मान तिरकी करून माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला, बघत राहिला. असं बघितलं की मी त्याला दिसते.

"कुठून आलीस?"

"कुठून म्हणजे? तिथून."

"पाचोळा वाजला. जातानाही वाजला, येतानाही. पाचोळा रस्त्यावर आहे. मधे सगळं शेवाळ आहे, तिथे पाऊल वाजत नाही."

"मग?"

"मग सरळ यायचंस की. मधे काय आहे?"

मी मागे वळून पाहिलं. बाक इथे, ओंडका तिथे. मधे शेवाळ, नेचा, दोन सडपातळ झाडं. दुसरं काही नाही. कुणीही पंधरावीस पावलांत सरळ चालत गेलं असतं. आणि मी देवळापासून रस्त्यावर गेले होते, विहिरीच्या खुंटापाशी वळले होते, पोतिएंच्या दारानं आत गेले होते, दारानं बाहेर आले होते आणि तेवढाच सगळा वळसा घालून परत आले होते. रडत, भांडत, कुठे चाललेय याकडे लक्षही न देता.

मी तोंड उघडलं. चिखल आहे, असं म्हणणार होते. काटे आहेत, असं म्हणणार होते.

"मधे भिंत आहे, मामा."

"कुणाची?"

"पोतिएंच्या बागेची."

तो हसला नाही, त्याबद्दल मी त्याचे उपकार मानते. मी त्याच्याशेजारी मटकन बसले आणि लहान पोरीसारखी रडले. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला, अगदी सावकाश. रानात सगळीकडून पानं येत होती. मी वर पाहिलं तेव्हा झाडं होती तिथेच होती. पण त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा मला माहीत होत्या, एकेक. कुठली जागा कुणाची, कुठून आत जायचं, कुठे पाय पुसायचे.

"आणि समुद्राचं काय?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"समुद्र कुठे पळून जातोय?" मी नाक पुसत म्हणाले.

"तेही खरं. उन्हाळ्यात जाऊन ये. मेयरलासुद्धा सुट्टी असते." त्यानं टोपी डोक्यावर घातली, नीट, दोन्ही हातांनी. "पाना आहे ना तुझ्याजवळ?"

"सायकलवालीजवळ पाना नसेल तर काय असेल? कशाला हवाय?"

"माझ्या हँडलवरची घंटी काढ. पुढे लाव. तुझ्या हँडलला."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो देवळाकडे तोंड करून बसला होता, जणू काही विशेष बोललाच नव्हता. मी पाना काढला. स्क्रू गंजला होता, हलायलाच तयार नव्हता. मी त्यावर तेल सोडून पुन्हा जोर लावला. मामानं एकदाही घाई केली नाही.

परत निघालो तेव्हा उन्हाची तिरीप आत आली होती आणि सगळं धुकं सोन्याचं झालं होतं. मी सायकल सावकाश सोडली. लाम्ब्लेंचं अंगण गेलं. पोतिएंचं दार गेलं. मी मान लववली, कुणी सांगितलं नाही तरी. पाद्रीबाबांचं वळण जवळ आलं. मी अंगठा पुढे केला आणि घंटी वाजवली.

"जोरात!" मामा मागून ओरडला. "म्हाताऱ्या झाल्यात त्या आता, ऐकू येत नाही त्यांना!"

मी जोरात वाजवली.